पेंड ठेवून घ्या

आमच्याकडं कॉइन हा शब्द मोठ्यानं काढला की लोक आधी खिसा चाचपतात, मग बोलणाऱ्याकडं बघतात. या नावाखाली बऱ्याच जणांनी हात पोळून घेतलेत. त्यामुळं आष्टीत घरी बसून मी नेमकं काय करते, हे वडिलांना सांगताना माझी जीभ जड झाली होती. कॉइननं, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी नाण्यांनी, पैसे कसे मागायचे आणि कसे द्यायचे, याची सगळ्या कंपन्यांना चालेल अशी एक नियमावली काही परदेशी मंडळी तयार करताहेत. त्यांच्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा करडीच्या तेलाचा घाणा आहे.

"पगार बँकेत येतो का?" अण्णांनी एवढंच विचारलं.

"येईल की."

"बाजाराच्या दिवसापर्यंत दिसला तर बराबर. न्हाई तर मामानं बघितलेली जालन्याची नोकरी. मंग बिलकुल कुरकुर करायची न्हाई."

मी तोऱ्यात हो म्हणून बसले.

आमची नियमावली तोवर एकाच ब्लॉकचेनवर चालायची. तिला दुसरी जोडायचं काम माझ्याकडं होतं. ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांनी मिळून सांभाळलेली एक वही. दुसरी वही आली की सही करायची रीत वेगळी, पत्ता लिहायची पद्धत वेगळी, सगळाच कारभार निराळा. मला या निराळेपणाचं भारी वेड. हे असंच का, ते तसंच का, यात दिवस कुठं जायचा कळायचं नाही. जोडणी झाल्यावर पहिला खरा प्रयोग माझ्याच पगारावर करा, असं मीच सांगितलं. हौस, दुसरं काय!

पगार आला. स्क्रीनवर दिसला. पण तिथून बँकेकडं काही केल्या हलेना. माझा पगार डॉलरच्या भावाच्या नाण्यात होता, आणि ही दुसरी ब्लॉकचेन पैसे पुढं पाठवायचं शुल्क घ्यायची स्वतःच्या नाण्यात. ते नाणं माझ्याकडं नखाएवढंही नव्हतं. एखाद्या सहकाऱ्याकडं मागितलं असतं तर मिळालं असतं. पण मग आमची नियमावली वापरणाऱ्या प्रत्येकानं कुणापुढं हात पसरायचा? मी इरेला पेटले. दोन दिवस डोकं फोडलं, आणि बाजाराचा दिवस उजाडला.

"काय करून राह्यली?" अण्णा दारात उभे होते. मी चिडूनच सगळं सांगितलं.

"म्हंजे माल तुझा, दिसतो बी, पण हमाली द्यायला दुसऱ्याच जातीचा माल पाहिजे?"

"हो."

"कमालच हाय! अगं, लोक करडी घेऊन माझ्याकडं येतात. खिशात रुपया नसतो. म्हणतात, पेंड ठेवून घ्या. तेल त्यांचं, मागं उरलेली पेंड माझी, मजुरी फिटली. तुमच्या शहाण्यांना येवढं बी सुचलं न्हाई?"

सुचलं होतं, हीच तर बोच होती. पहिल्या ब्लॉकचेनवर शुल्क पैसे पोचवणारा मधला माणूस भरायचा आणि आपला वाटा त्याच रकमेतून कापून घ्यायचा. दुसरी जोडताना ते 'नंतर बघू' म्हणून मीच वगळलं होतं. मला स्वतःचाच असा राग आला की रडू फुटलं. अण्णा घाण्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदांची फाइल घेऊन जालन्याला निघाले. शब्द म्हणजे शब्द. अण्णा घाण्यात करडी ओतत होते.

"ती पेंडीची गोष्ट झाली का?"

"अर्धी झालीय. अजून दोन दिवस लागतील."

त्यांनी हात पुसले, फोन काढला आणि मामाला लावला. "पोरगी येत न्हाई," ते म्हणाले. "तिचा घाणा भरलेला हाय. मधीच थांबवता येत न्हाई."

पगार तिसऱ्या दिवशी बँकेत पडला. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. आकड्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"पेंड किती गेली, ते दाखव आधी."