नवरीच्या पाठीवरच्या पिना

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली, बहुतेकांची आता नावंही आठवत नाहीत. पण नाशिक जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका गावातली ती लग्नाची दुपार आठवली, की मी आजही उठून घरात येरझाऱ्या घालू लागतो.

सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे गावात शिवणकाम करणारी एक बाई होती. नाव सांगायला तयार नव्हती. “आज साडेबाराला लगीन हाय, साहेब. नवरीचा ब्लाउज मीच शिवला. त्याच पोरीचा धाव्वीचा शाळेचा ड्रेस बी जूनमधी मीच शिवलाय,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

स्टेशन डायरीला नोंद घेतली. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची, म्हणून त्यालाही निरोप धाडला. एक महिला शिपाई आणि एक हवालदार घेऊन निघालो.

मुलीचा बाप अगदी शांत होता. तिथेच मला खटकायला हवं होतं. लग्नाच्या दिवशी पोलीस दारात आले, की ज्याची काही चूक नाही तो माणूस आधी चिडतो. याने मात्र पाणी विचारलं आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले कागद काढले. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं होतं. वय एकोणीस. शालू नेसलेली नवरी समोर आणली, चेहरा फोटोशी जुळला. दहावीतली मुलगी कोण, असं विचारलं तर म्हणाला, ती धाकटी, परीक्षा जवळ आलीय म्हणून मनमाडला मावशीकडे आहे, आणि फोन भाऊबंदांपैकीच कुणीतरी केला असणार. भाऊबंदकीच्या खोट्या तक्रारींनी आमचं ठाणं तसंही भरलेलं असायचं. मी कागद परत दिले.

परतताना कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. जीप थांबली, तशी महिला शिपाई चुळबुळ करू लागली. शेवटी म्हणाली, “साहेब, तिच्या ब्लाउजचे हूक लागतच नव्हते. पाठीवर सहा-सात पिना होत्या. नवरीचा ब्लाउज कुणी असा शिवत नाही. आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात करवली नाही, हे कसं?”

मला स्वतःचा इतका राग आला, की चालकावरच ओरडलो. जीप वळवली. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती.

महिला शिपायाने त्या मुलीला आतल्या खोलीत नेलं. मी दाराबाहेर उभा होतो. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, पाहुणे अक्षता घेऊन तयार होते. मांडवातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. आतून काहीच ऐकू येईना. दर मिनिटाला मी घड्याळ पाहत होतो. मग शिपायाने मला आत बोलावलं. पिना काढलेल्या होत्या, मुलीने खांद्यावरून शाल घेतली होती.

“कांद्याच्या चाळीत बसवलीय धाकटीला,” ती मुलगी म्हणाली. “मी थोरली. माझं लगीन दोन वर्षांमागंच झालंय. तवा बी तुमीच आला व्हता, साहेब. माझ्या जागी आतेबहिणीला बसवलं व्हतं. तुमी कागद बघितले आन् जेवून गेला.”

मी त्या ठाण्यात नवीनच बदलून आलो होतो तेव्हा. जेवण आठवलं, बुंदी होती. नवरीचा चेहरा काही केल्या आठवेना. लाजेने मला तिच्याकडे बघवेना.

धाकटी घरामागच्या कांदे साठवायच्या चाळीत हळदीच्या साडीत बसलेली सापडली. पंधरा वर्षांची होती. रडली नाही, उद्या शाळेत जाता येईल का एवढंच विचारलं. तिला बालकल्याण समितीपुढे हजर केलं. ग्रामसेवकाच्या फिर्यादीवरून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांवर आणि नवरदेवावर गुन्हा दाखल झाला.

ठाण्यात आल्यावर जुनी स्टेशन डायरी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कागदपत्रे तपासली. तक्रारीत तथ्य नाही.’ दोन्ही वेळा मी कागदाला वय विचारलं. मुलीला एकटीला बाजूला घेऊन ‘बाई, तुझं काय म्हणणं आहे’ असं विचारायला दोन मिनिटं लागली असती. नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि सांगताना दरवेळी कान तापतात.

थोरलीचा जबाब घेताना मी तिला सांगितलं, की वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ती अल्पवयात झालेलं स्वतःचं लग्न कोर्टातून रद्द करून घेऊ शकते, अजून काही महिने हातात आहेत. तिच्या मांडीवर वर्षाची मुलगी होती.

“हिला घेऊन कुठं ऱ्हाऊ, ते आधी सांगा,” ती म्हणाली.

मी महिला आधारगृहाचं नाव सांगितलं, वकील मिळवून देतो म्हणालो. धाकटीला वाचवलं म्हणून पुढे माझा सत्कार झाला. थोरली त्याच संध्याकाळी मुलीला कडेवर घेऊन सासरी निघून गेली.