पाव निघाल्यानंतरची भट्टी

इंगळेबाईंनी आपलं पोळपाट-लाटणं जुन्या साडीत गुंडाळून आमच्या दारात आणून ठेवलं, तेव्हा मला वाटलं त्या गावाला चालल्या आहेत. घर बंद करताना माणसं शेजाऱ्यांकडे कुंड्या ठेवतात, तसंच काहीतरी असेल. माझ्या बायकोनं, मनीषानं, विचारलं, "कधी परत येणार बाई?" तर त्या म्हणाल्या, "मी कुठं नाय चालले. हे चाललंय. ठेव तुला. माझ्या घरातून लाटणं रिटायर झालं."

बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. क्रांती चौकामागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे बाईच म्हणत, कारण आयुष्यभर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. सासर लासूर स्टेशनचं, घर माणसांनी भरलेलं. पहाटे सगळ्यांच्या भाकरी थापायच्या आणि मग शाळेची गाडी गाठायची, असा त्यांचा अर्धा जन्म गेला. पुढे शहरात बदली झाली, घर घेतलं, यजमान गेले, मुलगा प्रशांत नोकरीला पुण्यात गेला. आणि निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत साखरेनं दार ठोठावलं.

डॉक्टरांनी सांगितलं, भाकरी, पोळी, भात कमी करा, भाज्या आणि अंडी वाढवा. हे ऐकून माणसं तोंड पाडून बाहेर येतात. माझे एक मामा तर दवाखान्याच्या पायरीवरच रडले होते. बाई मात्र पेढे वाटायच्या बेतात होत्या, फक्त पेढेही बंद झाले होते. "सारी हयात तव्यापुढं गेली बघ," त्या मला म्हणाल्या. "ह्या डॉक्टरनं अर्ज न करता माझी बदली करून दिली."

प्रशांतला या बदलीचा अजिबात आनंद झाला नाही. आई एकटी राहते, स्वयंपाकाचा कंटाळा करते आणि आता भाकरीही खात नाही, म्हणजे ती उपाशी राहणार असं त्याचं गणित. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "तीन महिन्यांची साखर तपासू. रिपोर्ट सुधारला नाही तर तू पुण्याला यायचंस. मग काही ऐकणार नाही." बोलण्यात धाक होता, पण पोराचा जीव खरोखर आईत अडकलेला होता, हेही कळत होतं. बाईंना पुण्याला जायचं नव्हतं. इथं चौकात भाजी घ्यायला उतरलं तरी कुणीतरी मिशीवाला गृहस्थ वाकून म्हणायचा, "बाई, ओळखलं का? तिसरीत होतो तुमच्याकडं." रविवारी विहारात बायका जमायच्या. "पुण्यात मला कोण ओळखतं? लिफ्ट?" असं त्या विचारायच्या आणि हसायच्या. पण रिपोर्टचा विषय निघाला की त्यांचं हसू जरा लवकर संपायचं.

सुरुवातीला त्यांनी उकडलेली अंडी आणि कच्ची काकडी यांवर दिवस काढले. "उकडलेलं अंडं म्हंजी शाळातपासणी," त्या म्हणायच्या. "मुकाट्यानं सोसायची, चव विचारायची नाय." मग एक दिवस मोबाईलवर त्यांनी कुठल्याशा परदेशी बाईला अंड्यात भाज्या घालून, ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये भाजताना पाहिलं. एकदाच करायचं, वड्या पाडायच्या आणि दोन-तीन दिवस खायचं. गॅसपुढं उभं राहणं नाही, लाटणं नाही, थापणं नाही. बाईंना ते फारच आवडलं. ओव्हन मात्र नव्हता.

"ओव्हन कशाला?" त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं. "खलीलभाईची भट्टी हाये की."

आमच्याकडे दिवाळीच्या आधी अजूनही बऱ्याच घरांतून मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात. तिथं नानकटाई भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी आणायची. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत खलीलभाईंची जुनी लाकडाची भट्टी आहे, तिथं बाई कितीतरी दिवाळ्यांना अशाच गेल्या होत्या. आता दिवाळी नसताना त्या हातात फडक्यानं झाकलेला ट्रे घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. माझं ऑफिस त्याच वाटेवर, म्हणून सारथी मी. खड्डा आला की मागून सूचना येई, "हळू. अजून सेट व्हायचंय."

खलीलभाईंनी फडकं उचलून पाहिलं. "क्या है टीचर? केक है क्या?"

"केकच समजा. मैदा नाय, साखर नाय."

"तो फिर केक में बचा क्या?"

"मी वाचले की त्यात," बाई म्हणाल्या. खलीलभाई मोठ्यानं हसले आणि ट्रे आत गेला.

सकाळचे पाव निघाले की भट्टीची धग उतरत जाते. पावाला ती कमी पडते, पण अंड्याला बरोबर मानवते. अर्थात हे कळायला बरेच ट्रे वाया गेले. पहिल्या वेळी बाईंनी दुधी आणि टोमॅटो हौसेनं घातले आणि ट्रेमध्ये पिवळं तळं झालं. दुसऱ्या वेळी ट्रे फार आत गेला, वरून काळा आणि पोटात कच्चा. तिसरा बरा जमला, पण बाहेर काढल्यावर टम्म फुगलेली वडी बघता बघता खाली बसली. मला वाईट वाटलं. बाईंना काहीच वाटलं नाही. "फुगलेलं उतरतंच," त्या म्हणाल्या. "नवीन इन्स्पेक्टर पाहिलेत मी."

मग हात बसला. भाजी किसायची, मीठ लावून ठेवायची आणि घट्ट पिळून घ्यायची, हा त्यांचा पहिला नियम. "पाणी सोडणारी भाजी म्हंजी वर्गात रडणारं पोरगं. आधी रडून घेऊ द्यावं, मग बाकावर बसवावं." मेथी असली तर लसूण जास्त, कोबी असला तर हिरवी मिरची आणि थोडं आलं, शेपू असला तर बाकी कुणी नको, कारण शेपू कुणाचं ऐकत नाही. घरी केलेलं पनीर कुस्करून घालायचं, अंडी फेटून ओतायची, वर तीळ पेरायचे. अगदी कोथिंबीरवडीसारख्या चौकोनी वड्या पडायच्या. गार झाल्यावरही छान लागायच्या. बाई सकाळी दोन वड्या आणि ताक घ्यायच्या, रात्री दोन वड्या आणि वाटीभर भाजीचं कढण. पाच मिनिटांत जेवण उरकून मराठी बातम्यांना शिव्या द्यायला मोकळ्या.

ट्रे आत असायचा तो अर्धा तास त्या बेकरीतच लाकडी बाकावर बसायच्या. पाव न्यायला आलेल्या बायका टेकायच्या. खलीलभाईंच्या चष्म्याची काच फुटलेली असायची किंवा चष्माच हरवलेला असायचा, मग बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या आणि खलीलभाई प्रत्येक बातमीवर "अब क्या बोलना टीचर" एवढंच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी मीही थांबायचो. मला चहात बुडवलेली खारी लागते, त्याला माझा इलाज नाही. बाई समोरच बसलेल्या असताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. "खा बाबा अविनाश," त्या म्हणायच्या, "मी तुझ्याकडं बघत नाय, रस्त्याकडं बघतेय." आणि रस्त्याकडे बघत बघत खारीचा वास मात्र घ्यायच्या.

घोटाळा झाला तो लासूरच्या भाऊजींमुळे. भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. काही खरेदीला ते औरंगपुऱ्यात आले होते. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं, तर वहिनी बेकरीत ठाण मांडून बसलेल्या, भोवती टोस्ट, बिस्किटं आणि नानकटाईच्या बरण्या, आणि भट्टीतून वाफाळता ट्रे निघतोय तो थेट वहिनींच्या हातात. भाऊजी पुढे येऊन विचारतील तर ना. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "प्रशांत, वहिनींचं काही खरं नाय. साखर हाये म्हणती आन् बेकरीत मुक्काम ठोकलाय. ट्रेच्या ट्रे घरी नेती. मी सोता डोळ्यांनी पाह्यलं."

बाईंनी प्रशांतला बेकरीचं काहीच सांगितलं नव्हतं. आई रोज अंडी-भाज्या खाते एवढंच त्याला माहीत. स्कूटरवरून ट्रे घेऊन फिरते हे कळलं असतं तर तो ओरडला असता, म्हणून त्या गप्प होत्या. आता त्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ झाला.

शनिवार होता. मी बाकावर खारी बुडवत होतो, बाई पेपर वाचत होत्या. दारात रिक्षा थांबली आणि प्रशांत उतरला. रात्रीच्या गाडीनं येऊन तो आधी घरी गेला होता. मनीषानं अगदी सरळपणे सांगितलं होतं, बाई यांच्या स्कूटरवरून बेकरीत गेल्यात. त्याच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यानं आधी बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्या खारीकडे, मग आईकडे.

"आई, तू माझ्याशी खोटं बोललीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तो कापत होता. "बाबांनीही असंच केलं होतं. लपवून लपवून खायचे. शेवटी काय झालं ते तू पाहिलंस ना?"

यजमान साखरेनंच गेले हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. बाईंनी पेपरची घडी घातली, बाजूला सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाल्या, "बस. तोंड सुकलंय तुझं."

तेवढ्यात खलीलभाईंनी लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे बाहेर ओढला. "टीचर का माल निकला." वडी टम्म फुगली होती, कडेनं तांबूस, वर तीळ तडतडलेले. आम्ही सगळे बघत असताना ती हळूहळू खाली बसली. बाईंनी सुरीनं चौकोन पाडले आणि एक तुकडा पावाच्या कागदावर ठेवून मुलाच्या हातात दिला.

प्रशांतनं तो उलटसुलट करून पाहिला. त्यात पीठ शोधत असावा. मग खाल्ला. मेथीची होती. दुसरा तुकडा त्यानं मागितला नाही, स्वतःच उचलला.

"साखर कुठंय सांग," बाई म्हणाल्या.

"सॉरी," तो म्हणाला. पण पोरगा इंजिनिअर, हरायला तयार नव्हता. "आई, हे चांगलंच आहे. पण मग यासाठी तू स्कूटरवरून का फिरतेस? पुण्यात माझ्याकडे मोठा ओव्हन आहे. तिथं ये, घरच्या घरी कर. बटण दाबलं की झालं."

मला वाटलं, आता बाई अडकल्या. रिपोर्ट चांगला येवो वा वाईट, ओव्हनपुढे भट्टीची काय बाजू मांडणार?

"ओव्हन हाये ते माहीत हाये मला," बाई म्हणाल्या. "पण ट्रे आत गेला की पुढचा अर्धा तास मी कुणाशी बोलू? तू ऑफिसात, सूनबाई ऑफिसात. वडी भाजल बाबा तिथं, नाय म्हणत नाय. पण मी कच्ची राहीन."

प्रशांत खाली बघत कागदाची घडी घालत बसला. खलीलभाईंनी न सांगता त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "कायकू ले जाते साहब. ये जाएंगे तो हमकू पेपर कौन पढके सुनाएगा?" पाव घ्यायला आलेली एक बाई उगीचच म्हणाली, "व्हय की." तो हसला. त्याचं हसू अगदी आईसारखं होतं, ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. चांगला आला. डॉक्टरांनी तोच आहार चालू ठेवायला सांगितलं आणि पुण्याचा विषय मागे पडला. प्रशांतनं तरीही क्रांती चौकातल्या दुकानातून आईसाठी ओव्हन घेऊन घरी बसवून दिला. बाईंनी त्याचा मान ठेवला. त्यावर भरतकामाचं झाकण घातलं आणि आत पापड ठेवले. "सादळत नाय बघ," त्या मला कौतुकानं म्हणाल्या. ट्रे बेकरीतच जात राहिला. महिनाभरात त्याच्याशेजारी आणखी दोन ट्रे दिसायला लागले. एक त्या "व्हय की" म्हणणाऱ्या बाईचा आणि दुसरा लासूरच्या भाऊजींचा, कारण त्यांनाही साखर निघाली होती. वहिनींची माफी मागण्याऐवजी ते दर शनिवारी कांदापात आणून देतात.

गेल्या वर्षी माझी लातूरला बदली झाली. निघताना बाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक ट्रे ठेवला. भट्टीत तापून तापून काळा पडलेला, एका कोपऱ्यात पोचा आलेला. मला फार भरून आलं होतं, पण त्यांनी लगेच विचारलं, "पोळपाट नेतोयस ना? नायतर पुन्हा माझ्या दारात ठेवून जाशील."

लातूरला आम्ही लहानसा ओव्हन घेतला. मनीषानं तो गॅलरीत ठेवायची अट घातली, कारण आमच्याकडे अंडी अजून स्वयंपाकघरात शिरलेली नाहीत. पहिल्या रविवारी मी कोबी किसला, पिळला, अंडी ओतली, तीळ पेरले, बटण दाबलं आणि बाईंना फोन लावला. मागे खलीलभाईंचा आवाज येत होता, पावाच्या लाद्या आपटल्याचा आवाज येत होता. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "बाई, ट्रे आत गेलाय."

भाजी पिळली का, तीळ घातले का, असं त्या विचारतील म्हणून मी तयारीत होतो.

"शेजारी कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही बाई. इथं अजून ओळखी नाहीत."

"मग समोरचं दार वाजव," बाई म्हणाल्या. "अर्धा तास हाये तुझ्याकडं." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी हात पुसले आणि जाऊन समोरच्या दाराची बेल दाबली.