तिला खेळायला बोलावणं

मार्केट यार्डाकडून वारा आला की कांद्याचा उग्र वास घरभर पसरतो आणि माझं कशातच मन लागत नाही. खिडकी लावते, पुन्हा उघडते. हाच वास माझ्या भाचीच्या नाकाशी किती वेळा धरला गेला असेल! तिला फिट यायची. वळसंगला भावाच्या घरी लोक तिला कांदा हुंगवायचे, चप्पल धरायचे. कुणी म्हणायचं, बाहेरचं हाय. शेवटी भावानं तिला उपचारांसाठी आणि शाळेसाठी सोलापुरात माझ्याकडे आणून ठेवलं.

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण पोरगी हरवत चालली. वर्गात एकदा पडली, तेव्हापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. मैत्रिणींच्या आयांनी तिच्याबरोबर डबा खायलाही मनाई केली. आधी ती मुकी झाली, मग चिडकी. वह्या फाडायची, जवळ घ्यायला गेलं की हात झटकायची. हेही दुखण्यातलंच, असं सगळे धरून चालले. डॉक्टरीणबाई मात्र तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या आणि मग मला आत बोलावून म्हणाल्या, "फिटवर मी गोळी देते. पण हिच्याशी कुणी खेळत नाही, त्यावर माझ्याकडे गोळी नाही."

घरी न जाता मी तडक शेजारच्या दारात उभी राहिले. त्या घरात तिच्याच वयाची मुलगी होती. तिच्या अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बच्ची गिरी तो क्या करना, वो बोलो." मी मायलेकींना सांगितलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, जवळ बसायचं आणि मला हाक मारायची. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आमच्या दाराशी येऊन हिला खेळायला बोलावू लागली.

आणि एकदा लंगडी खेळताना भाची फिट येऊन पडलीच. हाक ऐकून मी खाली धावले, तोवर शेजारच्या मुलीनं तिला कुशीवर केलं होतं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली होती. बाकीच्या पोरी तिच्यावर सावली धरून उभ्या होत्या. कुणी पळालं नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, एकेकीकडं पाहिलं आणि विचारलं, "डाव कुणावर हाय?"

आता ती दूरच्या शहरात शिकते, मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. फोन उचलला नाही की माझा जीव खालीवर होतो. मग तिचाच फोन येतो, मागे पोरींचा गलका. "आत्या, जेवाय बसलोय आमी. मागनं बोलू की." धास्ती अशीच असावी, जिची होती तिला सोडून सांभाळणाऱ्याकडे मुक्कामाला येते. राहू दे माझ्याकडे. पोरीच्या घासात ती धास्ती नाही, एवढं मला पुरतं.