धुऱ्यावरचे नंबर

एम.एस्सी.ला भूविज्ञान घेतलं तेव्हा वाटलं होतं, हिमालय बघू, निदान कोकण तरी. विद्यापीठाने फील्डला नेलं कुठे, तर मालेगावला. माझ्याच तालुक्यात, किन्हीराजा गावाच्या बाजूला. ज्या काळ्या दगडातून सुटायचं म्हणून मी शिकले, त्याच दगडावर हातोडी मारायला परत आले. वर सरांनी पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही इथली आहे. गावकऱ्यांशी बोलायचं काम हिचं." म्हणजे बाकीच्यांनी नकाशा काढायचा आणि मी शिव्या खायच्या.

त्या मिळाल्याच. महामार्गाच्या वेळी असेच टोप्या घातलेले लोक यंत्रं घेऊन आले होते, दगडांवर नंबर टाकून गेले होते, आणि मग लोकांच्या जमिनी गेल्या होत्या. त्यामुळे आमच्या हातात रंगाचा डबा दिसला की कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

"काहून ठोकून राह्यले गोटे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अभ्यास हाये, आबा."

"अभ्यास घरी करत जा," तो म्हणाला. त्याचं कुत्रं आमच्यावर भुंकत होतं, त्याला त्याने हटकलंही नाही.

सरांची पद्धत अशी, की जिथे दगड तपासला तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा आणि तोच नकाशावर लिहायचा. शेवटच्या दिवशी बाहेरून परीक्षक येणार, नंबर बघत बघत शिवार फिरणार. आमच्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे आडवे थर, एकावर एक. खालच्या थराचा माथा भोकाभोकांचा, त्यावर कुठे कुठे लाल मातीचा पट्टा, त्यावर वरच्या थराचा ठोस काळा दगड. थर आडवे, म्हणून त्यांची सीमा टेकडीला करगोट्यासारखी वेढून जाते. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.

सरांना मात्र ती सीमा सरळ उतारावरून खाली येताना दिसली. एका शेतात भोकाभोकांच्या दगडांची रांग वरून खाली गेली होती, आजूबाजूला सगळा ठोस दगड. सर हरखलेच. "इथे भ्रंश आहे," म्हणाले. भ्रंश म्हणजे जमीन तुटून एक बाजू खाली सरकलेली. एवढ्या लोकांनी हा भाग पालथा घातला, कुणाला भ्रंश दिसला नाही, आणि आमच्या सरांना तो सकाळच्या आणि दुपारच्या चहाच्या मध्ये सापडला.

मी म्हटलं, "सर, हे टाकलेले गोटे आहेत. लोक शेतातले दगड उचलून असे एका कडेला लावतात."

"तू भूविज्ञान शिकायला आलीस की शेती?"

सगळे फिदीफिदी हसले. सरांनी डबा माझ्याच हातात दिला. मी दातओठ खात त्या रांगेवर वरपासून खालपर्यंत नंबर टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या शेताची मालकीण वाटेतच उभी होती. पदर खोचलेला, हातात विळा.

"काल रंग लावणारी कोन होती वं?"

बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले, तशी तिने मला हाताला धरून शेतात नेलं. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, शेजारच्या हिश्श्यात. दोघांच्या मधला खरा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, विहिरीच्या पलीकडून जातो. आमची दगडांची रांग विहिरीच्या अलीकडे. भासऱ्याने पहाटेच आमच्या नंबरांवरून बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. सरकारी मोजणी झाली, विहीर माझ्या बाजूला आली, असं गावभर सांगत होता. तिच्या मोटरीचा पाइप काढून काट्यांच्या अलीकडे फेकून दिला होता.

"गहू पोटरीत आला माहा," ती म्हणाली. "आता पानी नाही भेटलं त दाना भरत नाही."

"काकू, आत्ताच पुसून टाकते."

"पुसू नको! पुसलं त थो म्हणन का मीच सरकारी खूण पुसली. तुह्या सायबाले आन अन् सगळ्यायसमोर सांगाले लाव."

मी जाऊन सरांना सांगितलं. सायबाने नकारार्थी मान हलवली. "गावच्या भांडणात आपण पडायचं नाही. परीक्षक येईपर्यंत एकही नंबर पुसायचा नाही." त्यांना गहू दिसत नव्हता, भ्रंश दिसत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भ्रंश असेल तर विहिरीच्या भिंतीत दिसेल, म्हणून मी तडक विहिरीकडे निघाले.

भासरा काट्यांजवळ तंबाखू मळत बसला होता. "कुकडं चालली?"

"मोजणीच करून राह्यली, तुमचीच," मी ठोकून दिलं. त्याने अदबीने काटी बाजूला केली.

विहिरीला अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या. उतरले आणि सगळा उलगडा झाला. वर ठोस काळा दगड, त्याखाली लाल पट्टा, त्याखाली, पाण्याच्या जरा वर, भोकाभोकांचा दगड. पट्टा चारही बाजूंनी एका पातळीत, कुठेही तुटलेला नाही. विहीर खोदताना तळातून जो दगड निघाला, तोच वर नेऊन कडेने ओतला होता. सरांचा भ्रंश म्हणजे या विहिरीतून निघालेला मलबा. आणि त्याच मलब्यावर मी टाकलेल्या नंबरांनी त्या बाईची विहीर हिरावली होती.

मी वर आले आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "सर, परीक्षक या विहिरीत डोकावले तर?"

सर आले, काठावरून वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. वर झाले तेव्हा तोंड पडलं होतं. तोवर बघायला निम्मं गाव जमलं होतं. भासरा हात जोडून उभा. सरांनी घसा खाकरला.

"हे नंबर चुकीचे आहेत. या मुलीने मला न विचारता टाकले. ही मोजणी नाही, कॉलेजची पोरं शिकतायत. सगळे पुसून टाका."

माझ्या जिभेच्या शेंड्यावर सगळं आलं. तेवढ्यात भासऱ्याने डोळे बारीक करून मला विचारलं, "खरंच तूच टाकले? सायबानं सांगतलं नव्हतं?"

मी सरांचं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. साहेबाने टाकलेला नंबर म्हणजे खूण, पोरीने टाकलेला म्हणजे खोडी. सर आकाशाकडे बघत होते. काकू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मीच टाकले," मी म्हटलं. "चुकलं माहं."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, लाखो रुपये घालून हे शिकतात. भासरा शिव्या देत काट्या उचलायला लागला. मी खाली बसून हातोडीच्या टोकाने रंग खरवडू लागले. थोड्या वेळाने काकूने पाइप जोडला, मोटर सुरू झाली आणि गव्हात पाणी आलं.

काकू बांधावरून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवेल.

"कोठची वं तू?"

"इथलीच. मालेगावची."

"इथली?" ती म्हणाली. "अन् तुले धुरा कोन्ता अन् गोटे कोन्ते, एवढं कळत नाही? माहा गहू मेला असता न, पोरी."

मी मान खाली घालून पुढचा नंबर खरवडायला घेतला.