आप्पांच्या गाडीची सुई

आमचे आप्पा माघात गेले आणि त्यांची मोटारसायकल मी श्रावणात मारली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. (हे आधीच सांगून टाकतो, पुढं लाज कमी वाटते.) आप्पा गेल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. देवळात नाही, शेजारी नाही, माहेरी बेंबळीलाही नाही. एका सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "सोमवारी रामलिंगाला जाऊ. ह्यांच्याच गाडीवर." मला इतकं भरून आलं, की मी लगेच गाडी सुधारायला घेतली. तिथंच चुकलं.

गाडी जुनी, कार्बोरेटरची. पेट्रोल आणि हवा त्यात मिसळतात. आत एक निमुळती सुई असते. ओझं ओढायला ॲक्सिलेटर पिळला की सुई वर सरकते, भोक मोकळं होतं आणि इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं. सुईच्या माथ्याला पाच खाचा, त्यातल्या एकीत सुई अडकवून धरणारी क्लिप. क्लिप जितकी खालच्या खाचेत, तितकी सुई उंच आणि पेट्रोल सढळ. आप्पांची क्लिप वरून चौथ्या खाचेत होती. 'केवढी ही उधळपट्टी,' असं म्हणून मी ती दुसऱ्या खाचेत सरकवली. स्टँडवर गाडी अशी गुणगुणली, की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

सोमवारी आई मागं बसली. मांडीवर अभिषेकाच्या दुधाची किटली, पिशवीत नारळ आणि बेल. सपाटीला सगळं ठीक होतं. येडशीच्या वाटेवर चढ लागला, मी पिळलं, गाडी खोकली. आणखी पिळलं, आणखी खोकली. निम्म्या चढावर गप्पच झाली.

आई उतरून दगडावर बसली. तिचा चेहरा पुन्हा घरातल्यासारखा झाला.

"ऱ्हाऊ दे बाबा. त्यांच्या मनात न्हाय दिसत. चल माघारी."

आज माघारी गेलो असतो तर ती परत कधी बाहेर पडली असती कुणास ठाऊक.

"आई, त्यांचा काय संबंध न्हाय. म्याच सुई खाली बसवली."

"मागं कुणाला घेऊन?"

"कुणालाच न्हाय. स्टँडवर."

मी वर्गात ढ पोराकडं बघतो तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"आरं, मिस्त्रीनं गाडी खोलली की हे मला बोलावून घ्यायचे. मागं बसवायचे, मांडीवर ज्वारीचं गठुडं द्यायचे आन् चढावर न्यायचे. खोकली की खाच बदल, पुन्हा चढ. चार फेऱ्या झाल्या तवा ती सुई बसली. रिकामी गाडी कुणीबी पळवतं."

मी रस्त्याच्या कडेलाच कार्बोरेटर खोलला. आप्पांनी आईला मागं बसवून ठरवलेली ती खाच, आणि मी तिला उधळपट्टी म्हणालो होतो. क्लिप पुन्हा चौथ्या खाचेत घालताना रडू आलं.

"रड नंतर," आई किटली सांभाळत म्हणाली. "स्क्रू हरवशील."

गाडी चढ चढली. अभिषेकही झाला.

आता दर रविवारी आई चपला घालून दारात उभी असते. "गाडी काढ. सुई तपासायला पायजे. मी बसल्याबिगर कळायचं न्हाय." सुई जागची हललेली नसते, एवढं विज्ञान मला येतं. तरी मी कधी बेंबळीपर्यंत, कधी आमच्याकडच्या वाशीपर्यंत तपासतो.

परवा तिनं मागून विचारलं, "काय, कळलं का?"

"अजून न्हाय."

"वाटलंच," ती म्हणाली. "तुला जरा उशिरानंच कळतं."