दगडाला लागलेलं कुंकू

नारळ ओवाळायच्या आधी त्याची शेंडी जरा ओढून बघायची असते. एवढी साधी अक्कल मला चाळिशी उलटली तरी नव्हती, आणि त्यापायी माझ्या बहिणीचा संसार दुसऱ्यांदा पणाला लागला.

झालं असं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून दाजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, इचलकरंजीहून आपली नवी कोरी गाडी मला दोन दिवसांसाठी दिली. या देण्यामागे बरंच काही होतं. वर्षापूर्वी दाजींनी आपले कापडाचे चार माग विकले आणि बहिणीला पत्ता लागू दिला नाही. मला कळलं तसा मी त्यांच्या अंगणात, त्यांच्या भावांच्या देखत, ‘खोटारडा माणूस हाय ह्यो’ म्हणून बोंबललो आणि बहिणीला घेऊन आलो. आठ महिने ती आमच्याकडे शिवाजी पेठेत होती. दिवाळीत कशीबशी परत नांदायला गेली. त्यानंतर दाजींनी माझ्याशी पहिला शब्द काढला, तो ही किल्ली देताना.

जावयाची गाडी पहिल्यांदा दारात आली म्हटल्यावर आई ओवाळल्याबिगर कुठली सोडते. नारळाला हळद-कुंकू लावून तिने माझ्या हातात दिला. गल्लीतली चार माणसं बघत होती, मलाही चेव आला. शेंडीला धरून जोरात फिरवला. तिसऱ्या फेऱ्याला शेंडी हातात राहिली आणि नारळ गेला समोरच्या काचेवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. आई म्हणाली, “असूंदे, पीडा काचेवर गेली म्हणायचं.” मी तिच्यावर असा खेकसलो की दवाखान्यात जाईपर्यंत रिक्षात ती माझ्याकडे बघेना.

मला काचेचं दुःख नव्हतं. गाडीचा इन्शुरन्स होता, काच त्यात बसत होती. पण क्लेम मालकाच्या नावावर, ओटीपी मालकाच्या मोबाईलवर. म्हणजे दाजींना सांगणं आलं. आणि सांगायचं काय? गल्लीत शायनिंग मारताना तुमची गाडी फोडली? त्यांच्या घरात आधीच माझं नाव काढलं की बहिणीला चार शब्द ऐकावे लागत. त्यात ही भर.

इन्शुरन्सचा एजंट ओळखीचा निघाला. तो म्हणाला, “नारळ-बिरळ लिहू नका. स्वतःच फोडली म्हणून अडकवत्यात. दगड उडाला म्हणा, इषय संपला.” बुडत्याला काडीचा आधार. मी संध्याकाळी दाजींना फोन लावला आणि सांगितलं, “बावड्याकडनं येताना उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखालनं दगड उडाला.”

दाजी म्हणाले, “कुणाला लागलं न्हाय न्हवं?” आणि ओटीपी दिला.

गाडी गॅरेजला लावली. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर बघून गेल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, असा नियम. सर्व्हेअर आज येतो, उद्या येतो, करत चार दिवस गेले. रोज सांजच्याला दाजींचा फोन. “नक्की कसं झालं ओ दादा?” एवढंच विचारायचे. मी रोज नवं काहीतरी जोडायचो. एक दिवस ट्रॉलीचा रंग, दुसऱ्या दिवशी दगड केवढा होता ते. जेवण जात नव्हतं. बायको म्हणायची, “सांगून टाका की एकदा.” तिलाही मी गप्प बसवलं. ज्याला चारचौघांत खोटारडा म्हणालो, त्याच्याशी मी चार दिवस खोटं बोलत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी सर्व्हेअर आला. हडकुळा माणूस, हातात बॅटरी. तड्यावरून उजेड फिरवला, बोट लावलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. लाल.

“पावणं, दगडाला कुंकू कुणी लावलं?”

मेकॅनिक हसला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सर्व्हेअरने तिथंच दाजींना फोन लावला, स्पीकरवर. दाजींचा आवाज आला, “साहेब, नारळानं फुटलीया. नारळच लिवा.”

“मग आधीच सांगायचं की,” सर्व्हेअर वैतागला. “चुकून नारळ पडला तरी अपघातच धरतो आम्ही. नव्यानं लिहून द्या.” आणि फोन माझ्या हातात देऊन कागद काढायला गेला.

“तुम्हांला ठाऊक हुतं?” मी विचारलं.

“त्याच दुपारी. तुमच्या आईनं हिला फोन केलता. तुमी ट्रॉली सांगितली तवा ही म्हणाली, घाबरलाय दादा, उद्या खरं सांगंल. रोज सांज झाली की फोन लावून माझ्या हातात द्यायची. काल मी म्हणालो, लाव. तर म्हणाली, तुमीच लावा.”

मी गॅरेजच्या पायरीवर बसलो. अख्ख्या सासरात ती एकटी माझ्या बाजूने उभी होती, आणि मी रोज फोनवर तिला खोटं पाडत होतो.

काच बसली तशी गाडी पोचवायला गेलो. अंगणात दाजींचे दोघे भाऊ, तिची सासू, सगळी होती. दाजींनी काचेकडे नुसतं बघितलं आणि “चहा टाक” म्हणाले. बहीण हलली नाही.

“आधी सांग,” ती मला म्हणाली. “कशी फुटली?”

वर्षापूर्वी मी ओरडलो होतो ती जागा दोन पावलांवर होती. मी शेंडीपासून सगळं सांगितलं, ट्रॉलीचा रंगसुद्धा सोडला नाही. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली आणि मग चहा टाकायला आत गेली.