कूलर उतरवल्यानंतरची खिडकी

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं तिच्या मुलाला आमच्या घरी पाठवणं बंद केलं. नातू तेव्हा तीन वर्षांचा व्हायचा होता. कुणी विचारलं तर ती सांगायची, "त्याला सर्दी असते हल्ली." तिनं माझी लाज राखली, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत माझी लाज राखण्यासारखं फारसं काही नाही.

आम्ही नवराबायको ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या मागच्या बाजूला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगी आणि जावई दर्पण कॉलनीत, तळमजल्यावर. दोघंही नोकरी करतात, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास ती नातवाला आमच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. मी निवृत्त ड्राफ्ट्समन. सरकारी नोकरीत आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. "खिडकीचा उंबरा जमिनीपासून तीन फूट" ही ओळ इतक्या वेळा लिहिली आहे की झोपेतसुद्धा हात आपोआप चालेल. नकाशात आम्ही पलंग दाखवायचो, ओटा दाखवायचो, संडासातलं भांडं तर न चुकता दाखवायचो. मूल कधी दाखवलं नाही. कुणी मागितलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत एक मूल खिडकीतून पडलं. वाचलं नाही. आठवडाभर आमच्या लिफ्टमध्ये लोक हळू आवाजात बोलत होते. मग सोसायटीची सभा भरली. "इस पर कोई कानून होना चाहिए," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कायदा आहे का, असला तर कुणी पाळायचा, नसला तर कुणी करायचा, यात पाऊण तास गेला. शेवटी ठरलं की सरकारचं सरकार बघेल, आपल्या इमारतीपुरता नियम आपणच करायचा. तो लिहायला माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता. शिवाय सेक्रेटरीही मीच होतो.

नियम मी झोकात लिहिला. पहिल्या मजल्यापासून वर प्रत्येक खिडकीला आणि बाल्कनीला जाळी हवी, तिच्या दोन गजांमधून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये, खिडकीखाली मुलाला चढता येईल असं काही ठेवू नये, आणि तपासणी सेक्रेटरी स्वतः करेल. आता डोकं कशानं मोजायचं? टेप नेला की लोक इंच आणि सेंटिमीटरवरून भांडतात. म्हणून मी देवघरातला सोललेला नारळ उचलला. जिथून नारळ आरपार जाईल ती खिडकी नापास.

जेठ महिन्याच्या उन्हात मी घरोघर नारळ घेऊन फिरलो. दार उघडणारा आधी नारळाकडे बघायचा, मग माझ्याकडे. "अंकल, किसकी शादी है?" इथपासून "प्रसाद कब मिलेगा?" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त सुभेदार राहतात, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेल्या मराठी घरातले. त्यांच्या बाल्कनीच्या गजांमधून नारळ सुळकन पलीकडे गेला आणि माझ्या हातून सुटला. खाली मोगऱ्याच्या क्यारीत पडून दोन तुकडे झाले.

सुभेदार वाकून बघत म्हणाले, "वा, सेक्रेटरीसाहेब. नारळ फुटला. आता नियमाचं उद्घाटन झालं म्हणायचं."

मी हसलो नाही. मला वाटायचं, नियम करणाऱ्या माणसानं हसू नये. "सहा महिन्यांत जाळी बसली पाहिजे," एवढं म्हणून दुसरा नारळ आणायला वर आलो.

घरी बायको म्हणाली, "सगळ्यांच्या झाल्या. आपली बघितलीत का?"

"आपली माझ्या डोळ्यांसमोरच असते की," मी म्हणालो, आणि यादीत आमच्या घरापुढे बरोबरची खूण केली.

आता आमच्या खिडकीबद्दल सांगितलं पाहिजे. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँड, त्यावर पत्र्याचा कूलर, आणि त्याचं तोंड घरात. ते तोंड आत यायचं तर जाळीचे गज कापावे लागतात. माझं लहानपण खासगी बाजार नावाच्या जुन्या वस्तीत गेलं. तिथल्या घरी वडिलांनी असेच गज कापले होते आणि कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण त्या खिडकीतून पडणारा माणूस दोन हात खाली बोळात उभाच राहिला असता. तीच सवय मी लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर आणली. झोपायच्या खोलीतल्या खिडकीचे खालचे गज कापून दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा चौकोन केला. हवा अंगावर यावी म्हणून खिडकीला लागून दिवाण टाकला. तीन फुटांतले दीड फूट त्या दिवाणानंच खाल्ले. तपासणीच्या दिवशी चौकोनात कूलर बसलेला होता, त्यामुळे भोक काही मला दिसलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत कूलर उतरवला आणि त्या जागी प्लायवूडचा तुकडा तारेनं बांधला. स्टँड बाहेर तसाच राहिला. दर वर्षी तो कोण काढणार?

जानेवारीत आठ-दहा दिवस धुकं हटलं नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला ऊन पडलं. मी प्लायवूडची तार सोडली, तुकडा बाजूला ठेवला आणि दिवाणावर ऊन घेत बसलो. नातू माझ्या पायाशी गाड्या लावत होता. तेवढ्यात घंटी वाजली. दारात सुभेदार.

"जाळी बसली, साहेब. चला, नारळ घेऊन या."

"नारळ राहू द्या," मी म्हणालो. "आधी मला सांगा, जाळी बाहेरून बसवली की आतून? आतून बसवली असेल तर मुलं पाय रोवून वर चढतात." आणि दारात उभा राहून मी त्यांना मुलं कशी चढतात ते समजावू लागलो. किती वेळ, ते माहीत नाही. सुभेदार सभ्य माणूस, ऐकत राहिले.

स्वयंपाकघरातून बायको मटाराची थाळी घेऊन निघाली आणि झोपायच्या खोलीच्या दाराशी थांबली. तिचं थांबणं मला दिसलं, म्हणून मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. दिवाणावर गाड्या होत्या. नातू स्टँडवर बसला होता. बाहेर, दोन लोखंडी पट्ट्यांवर, आमच्याकडे पाठ करून. पट्ट्यांच्या मधे फटी आणि फटींच्या खाली चार मजले. त्याचा एक मोजा निघून लोंबत होता.

मी ओरडण्यासाठी श्वास घेतला. बायकोनं टाचेनं माझं पाऊल दाबलं. इतकं जोरात की आवाज घशातच राहिला. ती सावकाश गेली, दिवाणाच्या या टोकाला बसली आणि शेंगा सोलू लागली.

"एक दाणा मी खाल्ला," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "दुसरा पण मीच खाऊ का?"

त्यानं मान वळवली. "नाही. माझा."

"मग ये. मी काही तिकडे देणार नाही. पालथा हो, जसा पलंगावरून उतरतोस तसा."

मागं बघितलं तेव्हा सुभेदार तिथं नव्हते. कोचावरची रजई पण नव्हती. ते जिन्यानं खाली धावले होते. नंतर वॉचमननं सांगितलं की त्यांनी त्याला रजईची दोन टोकं धरायला लावली आणि दोघं खिडकीच्या बरोबर खाली वर बघत उभे राहिले.

नातू पालथा झाला. एक गुडघा पट्टीवर, एक फटीत. तो निघाला. हात चौकोनातून आत आला, मग डोकं, मग पोट. बायको तोवर हलली नाही. दोन्ही गुडघे गादीवर टेकल्यावर तिनं त्याला असं धरलं की थाळी उलटली आणि तो दाण्यांसाठी रडू लागला. मी काय केलं? मी वाकून मटार गोळा केले. तेवढंच मला सुचलं.

सुभेदार रजई घडी करून परत घेऊन आले. म्हणाले, "मी कुणाला बोलणार नाही. सांगायचं ते तुम्ही सांगा."

ते गेल्यावर मी प्लायवूडला खिळे ठोकले. तीन वाकडे झाले.

"लेकीला तुम्ही सांगता की मी?" बायकोनं विचारलं. नातू तिच्या मांडीवर झोपला होता आणि ती त्याला खाली ठेवत नव्हती.

"मी सांगतो. पण लगेच नको. उगाच धसका घेईल."

संध्याकाळी मुलगी आली. नातवानं बूट घालताघालता तिला सांगितलं, "मम्मा, मी बाहर बैठा था. आजीनी मटर दिले."

"अच्छा? बाहेर कुठं रे, बाल्कनीत?"

तिनं हसून माझ्याकडे बघितलं. बायकोनंही बघितलं.

"हो," मी म्हणालो. "बाल्कनीत."

आयुष्यात मी पुष्कळ घोळ घातले आहेत. एकदा एका शाळेच्या नकाशात जिनाच विसरलो होतो, आणि त्यावर लोक अजून हसतात. मीही हसतो. हा एक शब्द मात्र मला कुणापुढे रंगवून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीही मुलगी नेहमीसारखी त्याला सोडून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी थांबून म्हणाली, "बाबा, रविवारी वेळ आहे का? आमच्या ऑफिसमधल्या एकीनं सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. छोटी मुलगी आहे तिला. मी म्हटलं, माझे बाबा येऊन सगळ्या खिडक्या बघून देतील."

लिफ्ट आली आणि रिकामीच खाली गेली. मी तिला सांगितलं. कूलरचं भोक, दिवाण, सुभेदारांशी दारात मारलेल्या गप्पा, स्टँड, मोजा, सगळं. ती आत गेली, गुडघे टेकून दिवाणावर चढली आणि त्या प्लायवूडला तळहात लावून काही वेळ तशीच राहिली. मग नातवाला कडेवर घेतलं.

दाराशी येऊन म्हणाली, "भोकाचं मला समजतं, बाबा. विसरलात तुम्ही. कुणीही विसरेल. पण मी तुम्हाला विचारलं होतं. बाल्कनी म्हणालात तुम्ही."

तेव्हापासून नातू यायचा बंद झाला.

पुढच्या सभेत मी उभा राहून नियम मोडणाऱ्यांत आमच्या घराचा नंबर वाचला आणि काय झालं तेही सांगितलं. काही जण हसले. "अरे अंकल, बच गया ना, ऊपरवाले की मेहरबानी," असं एक जण म्हणाला. मी म्हणालो, मेहरबानी नियमात लिहिता येत नाही. कूलर ज्या दिवशी उतरेल त्याच दिवशी तिथं जाळीचा तुकडा बसला पाहिजे आणि स्टँड निघाला पाहिजे, असं कलम वाढवा. आणि सेक्रेटरीच्या घराची तपासणी दुसऱ्यानं करावी. सुभेदार त्यावर एखादा टोमणा मारू शकले असते. त्यांनी फक्त विचारलं, "वेल्डिंगवाल्याला उद्या घेऊन येऊ?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्टँडचे बोल्ट काढायला उभे राहिले. चौकोनात गज बसले. दिवाण समोरच्या भिंतीला गेला. यंदाचा उन्हाळा आम्ही त्या खोलीत पंख्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन काढला.

नातवाला भेटायचं तर आता मीच दर्पण कॉलनीत जातो. त्याच्यासाठी त्यांनी एक बाई ठेवली आहे. मुलगी घरी परत आली की मी जातो, तासभर बसतो. ती चहा देते, नीट बोलते. खिडकीचा विषय ती काढत नाही, मी काढायचं धाडस करत नाही.

परवा नातू माझ्या गुडघ्यावर गाडी चालवता चालवता म्हणाला, "आजोबा, तुझ्या घरी कधी चलायचं?"

मुलगी ओट्यापाशी पोळ्या करत होती. लाटणं थांबलं. आजोबा लोकांना अशा वेळी 'उद्या' म्हणायची सवय असते, आणि ते माझ्याही तोंडात आलं होतं.

"इतक्यात नाही," मी म्हणालो. "आजोबानी एक चूक केली होती. तू खिडकीबाहेर गेलास आणि माझं लक्ष नव्हतं. मग मम्माशी खोटं बोललो."

त्यानं विचार केला. "कान पकड मग."

मी गाडी खाली ठेवली आणि दोन्ही कान धरले. त्यानं जवळ येऊन, नीट धरलेत का ते तपासलं. मुलगी आमच्याकडे वळली नाही. तव्यावरची पोळी तिनं उलटली, पुन्हा उलटली.

"रविवारी आणते त्याला," ती तव्याकडे बघत म्हणाली. "दोन तास. मी पण बसणार बरोबर."

"बस की," मी म्हणालो.

"आणि फोन आला, घंटी वाजली, तर तुम्ही उठायचं नाही."

"नाही उठणार."

"आजोबा," नातू म्हणाला, "सोडू नको अजून."